घमेल्यातली जमीन

तिच्या घरी कोणी आले की ती पाण्याचे दोन पेले पुढे ठेवते. एक नळाच्या पाण्याचा, एक झऱ्याच्या. कोणता कुठला, हे सांगत नाही. आलेला माणूस दोन्ही पेले उजेडात धरतो, नकळत हुंगतो, आपण हुंगल्याचे तिने पाहिले म्हणून ओशाळतो आणि तहान नसल्याचे सांगतो. मग ती हसते. त्या हसण्यात पाहुणचार मुळीच नसतो.

"आली ना किळस?" ती म्हणते. "आणि अजून ओठाला लावलंपण नाही."

ती लोकर धुणारी आहे. गाव तिला मावशी म्हणते; तिच्याहून वयाने मोठी माणसेसुद्धा मावशीच म्हणतात. तिचे घर डोंगराच्या उतरणीच्या पायथ्याशी आहे. पुढच्या खोलीत छताखाली आडव्या दोऱ्या बांधलेल्या आहेत, कोपऱ्यात विटांची चूल आणि तिच्यावर तांब्याची मोठी काहील. वर्षानुवर्षांच्या वाफेने भिंतींवर लोकरीतल्या चरबीचा मेणचट थर बसला आहे. दाराची कडी धरली की हाताला चिकटते आणि तो वास दुसऱ्या दिवशीपर्यंत जात नाही. मेंढ्या राखणारे कातरलेली लोकर पोत्यांत कोंबून तिच्या ओट्यावर आणून टाकत. तीत वाळलेल्या शेणाच्या गोळ्या, काटे, मेलेल्या गोचिडी, कधी कातरताना निघालेला कातडीचा तुकडा. हे सगळे ती उघड्या हातांनी निवडी. मग लोकर कोमट पाण्यात भिजवायची, चरबी सुटू द्यायची, आणि शेवटी झऱ्याखालच्या दगडी टाक्यात वाहत्या गार पाण्यात सोडायची. चोळायची नाही, पिळायची नाही. चोळली की तिचा घट्ट गोळा होतो आणि कातणारीण शिव्या घालते. ते टाके तिच्या नवऱ्याने तिला लग्नानंतर बांधून दिले होते. पिण्याचे पाणीही ती त्याच झऱ्याच्या तोंडाशी भरून घेई.

या गावाची जमीन गावाची आहे. रस्त्याच्या तोंडाशी लावलेल्या फलकावर तसे लिहिले आहे, आणि पाहुण्यांना वाटल्या जाणाऱ्या गुळगुळीत पत्रकावरही. पूर्वी सगळी उतरण, कुरण आणि रान एका परगावच्या मालकाचे होते. त्याने ते विकायला काढले तेव्हा गावाने एकत्र येऊन ते घेतले आणि एका संस्थेच्या नावे केले. घरटी एक मत. मालकाविषयी गावाच्या मनात जो राग होता तो मुख्यतः त्याच्या नकाशाविषयी होता. नकाशात सपाट दिसलेल्या एका जागी त्याने मेंढवाडा बांधायला लावला होता. ती जागा दरवर्षी पाण्याखाली जाते, हे गावातल्या शेंबड्या पोरानेही सांगितले असते. विचारले कोणी नाही. मेंढ्या कोंडल्या जागी बुडाल्या. म्हणून संस्थेच्या पहिल्याच सभेत नियम झाला की ज्या जमिनीचा निर्णय करायचा, तो त्याच जमिनीवर उभे राहून करायचा. जो तिथे उभा नाही, त्याचे मत नाही.

या नियमाचे श्रेय आज कोणी आपल्या वडिलांना देतो, कोणी सासऱ्यांना. गावाची हकिकत लिहून काढायला आलेल्या मला त्या दाव्यांपैकी एकही सिद्ध करता आला नाही. मात्र सुरुवातीची वर्षे सभा खरोखर जागेवर होत, याबद्दल दुमत नाही. माणसे वाऱ्यात, काट्याकुट्यांत उभी राहून भांडत. बुटांत पाणी शिरू लागले की भांडण लवकर मिटे आणि त्या जागेवर घर बांधण्याचा विचारही मागे पडे.

या नियमाला पहिली भेग पडली ती मावशीमुळे.

हे तिनेच सांगितले, चूल सारवता सारवता, आवाजात काडीचाही पश्चात्ताप न आणता. वरच्या टेकाडावर कुंपण घालायचे की नाही, एवढाच प्रश्न होता. हवा बोचरी होती आणि तिच्या काहिलीत लोकर होती.

"काहील सोडून गेले असते तर अख्ख्या लोकरीचा दगड झाला असता," ती म्हणाली. "मी म्हटलं, एवढी वरात कशाला वर नेताय? तिथली घमेलंभर माती आणा माझ्या अंगणात. तिच्यावर पाय ठेवला काय आणि तिथं जाऊन उभं राहिलं काय, माती तीच ना? सगळे खो खो हसले. हसले, आणि गवंड्याला घमेलं देऊन पाठवलं."

गवंडी टेकाडावर गेला, माती घेऊन आला. प्रत्येकाने तिच्यात उजवा पाय ठेवला, "उभा आहे" म्हटले आणि मत दिले. लोकर वाचली. कुंपणही बरे झाले. गावाला ही युक्ती इतकी पसंत पडली की पुढच्या सभेला टेकाडच काय, हाकेच्या अंतरावरचे कुरणसुद्धा घमेल्यातून आले.

पुढची घसरण सांगताना ज्याला त्याला आपला वाटा आठवत नाही, दुसऱ्याचा मात्र स्वच्छ आठवतो. आधी पायाऐवजी बुटाचे टोक लावू लागले. मग संस्थेचे नवे सभागृह झाले, गुळगुळीत फरशीचे. फरशी खराब होते म्हणून घमेले टेबलाखाली सरकले आणि रांगेतून जाताना त्याच्याकडे नुसते पाहिले तरी चालू लागले. मग दर वेळी माती आणण्याचाही कंटाळा आला आणि एकच माती सगळ्या जमिनींसाठी ठेवली गेली. तीत सिगारेटची थोटके पडली, बिस्किटांचे कागद पडले. सभागृहात उंदरांसाठी पाळलेल्या मांजराने त्या मातीचा आपल्या सोयीने उपयोग सुरू केला. त्या वर्षांची सगळी इतिवृत्ते मी वाचली आहेत. प्रत्येकाचा आरंभ एकाच वाक्याने होतो: "सर्व सभासदांनी जागेवर उभे राहून पुढीलप्रमाणे निर्णय घेतला."

अशा एका सभेत उतरणीवर भाड्याने राहायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी खोल्यांची पहिली ओळ बांधायचे ठरले. संस्थेचे अध्यक्ष म्हणजे मावशीचा धाकटा दीर. ट्रॅक्टर दुरुस्तीचे दुकान चालवलेला, गोड बोलणारा, कोणाच्याही खांद्यावर हात ठेवणारा माणूस. खोल्या झाल्या की गावातल्या तरुणांना बाहेर जावे लागणार नाही, असे तो म्हणाला, आणि ते अगदीच खोटे ठरले नाही. मावशीच्या सुनेला तिथे साफसफाईचे काम मिळाले. मावशीचा मुलगा दूर शहरात असतो. सासू-सुना एकाच छताखाली.

पहिल्या ओळीला आपण विरोध केला होता, असे मावशीने मला पहिल्या भेटीत ठासून सांगितले. ते खरे नाही. ती रांगेत होती, असे गवंड्याला आणि सुनेला दोघांनाही स्वतंत्रपणे आठवते. मी तसे तिला म्हटले तेव्हा तिने शेवटच्या उरलेल्या पोत्यातल्या लोकरीतून एक काटा ओढून काढला.

"होते रांगेत," ती म्हणाली. "सुनेला काम लागणार होतं. घमेल्याकडे बघितलंसुद्धा नाही मी. मांजराची घाण होती त्यात, कोण बघेल?"

खोल्यांचा मैला जिरवण्यासाठी गवंड्याने उतरणीत शोषखड्डा खणला, बरोबर झऱ्याच्या वरच्या अंगाला. तिथली जमीन आतून ओली असते, पाय ठेवला की दबते. तिथे कोणीही क्षणभर उभे राहिले असते तर बुटानेच सांगितले असते. गवंडी एकटा उभा राहिला होता, पण त्याला खणायचे काम दिलेले होते, मत तो आधीच देऊन आला होता.

पहिला उन्हाळा उलटायच्या आत टाक्याच्या दगडांवर करड्या रंगाचे, केसाळ, बुळबुळीत काहीतरी धरू लागले. खरवडून काढले की पुन्हा येई. पाण्यावर पातळ तवंग. नंतर वास. धुतलेली लोकर वाळत घातली की दोरीवर माश्या बसत. शहरातल्या व्यापाऱ्याने एक पोते तसेच परत पाठवले. सोबत निरोप होता, आणि तो निरोप मावशी आजही जसाच्या तसा म्हणून दाखवते: "हिला मेंढीचा वास येत नाही, माणसाचा येतो."

ती दिराकडे गेली. त्याने तिला बसवले, चहा दिला.

"वहिनी," तो म्हणाला, "शेणाची लोकर धुता तुम्ही. घाण तुमच्याच टाक्यातली असणार. उगाच संस्थेवर कशाला ढकलता?"

"भाऊजी, माझी घाण टाक्यातून खाली जाते. ही वरून येते. पाणी चढ चढायला लागलं का?"

"तुम्हाला नळ देतो ना दारात. झऱ्याचं काय एवढं घेऊन बसलाय?"

तिचा आक्षेप मी डोळे झाकून मान्य केला नव्हता. लोकर धुण्याने पाणी मलिन होते, हे दिराचे म्हणणे सकृद्दर्शनी पटण्यासारखेच होते. पण झऱ्याचे तोंड टाक्याच्या वर आहे. तिथे, जिथे लोकरीचा तंतूही कधी पोचला नाही, तीच करडी बुळबुळ मी बोटाने खरवडून पाहिली आहे. बोट नंतर कितीही वेळा धुतले तरी समाधान झाले नाही.

नळ आला. नळाच्या पाण्याला औषधाचा उग्र वास होता आणि त्याने धुतलेली लोकर वाळली की काथ्यासारखी खरखरीत होई. मेंढीवाले एकेक करून पोती दुसरीकडे नेऊ लागले. मावशीला हवा होता तो झरा. तो सुटला तर धंदा सुटणार होता, आणि नवऱ्याने बांधलेले टाके नुसती दगडांची चौकट होऊन राहणार होते. अशात दिराने खोल्यांच्या दुसऱ्या ओळीचा प्रस्ताव आणला. मैला त्याच खड्ड्यात जाणार होता.

त्या सभेला मावशी नटूनथटून गेली, असे सून सांगते; लग्नाला जावे तशी. सभागृहात खुर्च्या मांडलेल्या, टेबलावर फुलदाणी, टेबलाखाली घमेले. दिराने प्रस्ताव वाचला आणि म्हणाला, "सगळे उभे आहेत असं धरून चालू."

मावशी उठली, टेबलाखाली वाकली, घमेले ओढून बाहेर काढले आणि त्या गुळगुळीत फरशीच्या मधोमध पालथे केले.

मातीचा ढीग पडला. थोटके, चांदीचे कागद, एक तुटलेले बटण, आणि मांजराने मनापासून साठवलेले सगळे. पुढच्या रांगेतल्या बायका खुर्च्यांसकट मागे सरकल्या. कोणीतरी खिडकी उघडली.

"ही कुठली माती, भाऊजी?" तिने विचारले.

"वहिनी, खाली बसा. तमाशा नको."

"तमाशा कसला? मला उभं राहायचंय. कुठल्या जमिनीवर उभी राहू तेवढं सांगा."

दिराने गवंड्याकडे पाहिले. गवंड्याने छताकडे पाहिले.

"बोल की रे," मावशी म्हणाली. "घमेलं तुझं आहे."

"मावशी, खरं सांगू का," गवंडी म्हणाला, "ही सभागृहाच्या मागची आहे. पायखान्याच्या भिंतीजवळची. घमेलं फुटकं निघालं होतं, नवं आणलं, तेव्हा भरली. कोणी विचारलं नाही, मी बोललो नाही."

सभागृहात हशा पिकला. सर्वांत मोठ्याने हसला तो दीर. हसण्यावारी नेण्याची कला त्याला चांगली अवगत आहे. पण मागून कोणी तरी ओरडले, "मग होऊन जाऊ दे जागेवरच!" आणि पाठोपाठ आणखी आवाज आले. कारण इतक्या वर्षांचे कुरण, रस्ता, खोल्या, सगळ्यांचे निर्णय आपण पायखान्याच्या मातीकडे बघून केले, हे त्या क्षणी प्रत्येकाला थोडेसे लागले होते. दिराने वारे ओळखले. तो म्हणाला, "चला तर. वहिनींची इच्छा मोडायची नाही."

ज्यांच्या पायाला त्या उतरणीचा कित्येक वर्षांत स्पर्श झाला नव्हता, अशी सबंध सभा वर चढली. मावशी सर्वांच्या पुढे होती. तिला वाटत होते की एकदा ही माणसे तिथे उभी राहिली की काही बोलावेच लागणार नाही. जुन्या सभांत ओल्या बुटांनी वाद मिटताना तिने पाहिले होते. तिचा भरवसा माणसांवर नव्हता, चिखलावर होता.

चिखलाने आपले काम चोख केले. सगळी उतरण वाळून पिवळी पडलेली, आणि खड्ड्याभोवतीचा तेवढाच तुकडा लुसलुशीत, गर्द हिरवा. त्या हिरव्यावर पहिला बूट पडला तो घोट्यापर्यंत आत गेला आणि बाहेर काढताना जो आवाज झाला तो ऐकून मागचे थबकले. गवताच्या मुळांतून करडे पाणी बुडबुडत वर येत होते. संडासातल्या कागदाचा गुलाबी लगदा. माश्यांचा थर पाय पडला की उठे आणि पुन्हा तिथेच बसे. ऊन होते, वारा पडलेला होता. एका बाईला उलटी झाली. तिचा नवरा तिची पाठ चोळत उभा राहिला, पण हिरव्या तुकड्याच्या आतच, कारण बाहेर पाऊल टाकले असते तर मत गेले असते.

दिराने खिशातून हातरुमाल काढून नाकाला लावला. रुमालातून त्याचा आवाज सर्दी झाल्यासारखा येत होता.

"प्रस्ताव तुम्हाला माहीत आहे. दुसरी ओळ. आणि झऱ्याला कोणताही उपद्रव नाही, अशी नोंद. आटपू लवकर. हात वर करा."

"खाली बघा!" मावशी ओरडली. "पायाखाली काय आहे ते बघा आणि मग करा हात वर!"

त्यांनी खाली पाहिले. याची खात्री मी अनेकांकडून करून घेतली आहे, कारण मलाही ते खरे वाटत नव्हते. प्रत्येकाने खाली पाहिले, नीट पाहिले. आणि मग त्या हिरव्या दलदलीत, एका हाताने नाक दाबून, माणसांनी दुसरा हात वर केला. नाक सोडून कोणालाही मत देता आले नाही, आणि मत देण्यात त्यामुळे कोणालाही अडचण आली नाही. ज्याचा जावई खोल्यांचे रंगकाम करणार होता त्याचा हात वर होता. ज्यांना काहीही मिळणार नव्हते, फक्त लवकर घरी जायचे होते, त्यांचेही वर होते. गवंड्याचाही.

सून तिच्या शेजारीच उभी होती.

"आई, माझ्याकडे बघू नका," ती पदरातून म्हणाली. "मला कायम करणार आहेत."

"कर गं," मावशी म्हणाली. "वास घेत घेत कर."

सुनेनेही हात वर केला. घरटी एक मत, आणि लग्नानंतर मुलाचे घर वेगळे धरले गेले होते, एवढाच त्याचा तांत्रिक आधार. विरोधात हात एकच होता. तो मावशीचा, आणि तिचा दुसरा हात नाकावर नव्हता.

"झालं ना मनासारखं, वहिनी?" दीर रुमालाआडून म्हणाला. "जागेवर झाली सभा. नियमाप्रमाणे."

"झालं, भाऊजी," ती म्हणाली. "आता बूट धुवायला खाली चला. सगळ्यांनीच चला. टाकं भरलेलं आहे. पाण्याला उपद्रव नाही, आत्ताच ठरलंय."

ती पुढे निघाली आणि सवयीने, किंवा घरी जायची वाट तिथूनच जाते म्हणून, ते सगळे तिच्यामागून उतरले. टाक्याभोवती गोळा झाले. बुटांवर, विजारींच्या काठांवर तो काळा राडा सुकू लागला होता. मावशीने डबडे बुडवून भरले आणि दिरापुढे धरले.

"ठेवा पाय पुढे. मी ओतते. मोठी भावजय आहे, लाजू नका."

"घरी जाऊन धुतो."

"का हो? ठरावाची शाई वाळायच्या आत?"

कोणी पाय पुढे केला नाही. गवंड्याने तेवढा, काम झाले की हात धुवायचे या जन्माच्या सवयीने, टाक्यात हात घातला. मग भानावर येऊन काढला आणि विजारीच्या मागच्या बाजूला पुसत राहिला, बराच वेळ. एकेकजण गवताला बूट घासून पाय काढता घेऊ लागला. ती डबडे धरून उभी होती.

दुसरी ओळ बांधून झाली. लोकर येणे बंद झाले. काहील पालथी घातलेली आहे आणि तिच्या तांब्यावर हिरवा गंज चढतो आहे. जागेवर उभे राहण्याचा नियम सभासदांनी अजून काढलेला नाही. उलट पत्रकात त्याची हकिकत एका चौकटीत छापली आहे, आमच्याकडे निर्णय जमिनीवर उभे राहून होतात, अशी. शेजारी झऱ्याचे रंगीत छायाचित्र.

मी शेवटचा गेलो त्या दुपारी दीर तिच्याकडे आला होता. पाहुण्यांना गावचा जुना उद्योग बघायला आवडेल, असे त्याचे म्हणणे होते. मावशीने रोज थोडा वेळ टाक्यावर बसून लोकर धुवावी. पाण्यासाठी नळाला रबरी नळी जोडून देऊ, दिसणार नाही अशी.

मावशीने त्याच्यापुढे दोन पेले ठेवले. त्याने पिशवीतून दुकानातली पाण्याची बाटली काढली, झाकण फिरवले आणि दोन घोट घेतले.

"वहिनी, सुनेच्या नोकरीचा तरी विचार करा," तो म्हणाला आणि उठला. कडीला चिकटलेला हात त्याने जाताना दाराच्या चौकटीला पुसला.

तो गेल्यावर तिने दोन्ही पेले उचलले. एक हुंगला. दुसरा हुंगला. पुन्हा पहिला हुंगला. नळाला पाणी पुरवणारी नवी विहीर दुसऱ्या ओळीच्या आणि त्या खड्ड्याच्याही खालच्या अंगाला खणली आहे, हे मला त्याच सकाळी कळले होते. मी ते तिला सांगितले नव्हते. दोन्ही पेले तिने दाराबाहेर गटारात ओतले आणि पालथे घालून ठेवले.